‘नळी टाकायची का?’ : लिव्हिंग विल पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

रात्रीचे पावणेदोन. आयसीयूबाहेरच्या बाकावर आम्ही तिघं भावंडं. आतून ड्यूटीवरचा डॉक्टर आला, वयाने माझ्या मुलाएवढा. म्हणाला, “ऑक्सिजन टिकत नाहीये. नळी टाकायची का? टाकायची असेल तर इथे सही करा, नसेल तर इथे.” एकाच कागदावर सहीच्या दोन जागा. दादाने माझ्याकडे बघितलं, मी धाकट्याकडे. बाबा आयुष्यभर सांगत आले होते, “मला लोळत ठेवू नका रे.” पण व्हेंटिलेटर म्हणजे लोळत ठेवणं, की चार दिवसांचा टेकू, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. दादाने पहिल्या जागी सही केली. पुढे एकोणीस दिवस.

त्या एकोणीस दिवसांचं लिहायला बसले तर हा लेख व्हायचा नाही. पुढच्या वर्षी मी स्वतःचं लिव्हिंग विल केलं, आईचंही करून घेतलं. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करतं, “ते तू केलंस ते नक्की काय असतं गं?” फोनवर सांगते तेच इथे क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवा

निम्मे फोन ‘इच्छामरणाचा फॉर्म कुठे मिळतो’ म्हणून येतात. असा फॉर्म नसतो. मृत्युपत्र वेगळं, ते घरादाराचं आणि दागिन्यांचं, माणूस गेल्यावर उघडायचं. लिव्हिंग विल म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र. आपण जिवंत आहोत, पण बोलायच्या अवस्थेत नाही, तेव्हा ते कामाला येतं. कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने कुणी बोलायचं, एवढंच त्यात असतं.

दयामरणाचेही दोन प्रकार. डॉक्टरने इंजेक्शन देऊन जीव घेणं हा एक. नुसता मृत्यू लांबवणारे उपचार थांबवणं किंवा सुरूच न करणं हा दुसरा. पहिला आपल्याकडे आजही गुन्हा आहे. कुणाला जीव द्यायला नुसती मदत केली तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दुसऱ्याला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता आहे आणि लिव्हिंग विल फक्त त्याच्यापुरतं चालतं. ‘मला इंजेक्शन द्या’ असं लिहिलंत तर त्या वाक्याचा उपयोग शून्य.

ब्रेन डेड हे आणखी तिसरंच. मेंदूचं काम पूर्ण थांबलेला माणूस परत येत नाही, अवयवदानाचा प्रश्न तिथे येतो. डोळे उघडतात, श्वास आपला आपण चालतो, पण ओळख नाही, ही अवस्था निराळी. अरुणा शानबाग यांची होती ती ही.

केईएमचा तो वॉर्ड

नैतिक बाजू समजून न घेता कागद भरायला बसू नका, कारण घरात वाद होणार आहे आणि तो नेमका याच बाजूने होणार आहे. समजून घ्यायला अरुणा शानबाग यांच्याइतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

अरुणा मुंबईच्या केईएम रुग्णालयात नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षं, १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने जाईपर्यंत, त्या त्याच रुग्णालयात होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली : या बाईंना भरवणं थांबवा, त्यांना जाऊ द्या. केईएमच्या परिचारिकांनी ठाम विरोध केला. या आमच्या आहेत, आम्ही यांना सांभाळू. आणि त्यांनी सांभाळलं होतंच. पिढ्या बदलल्या, अरुणांना कधी न पाहिलेल्या मुली नोकरीला लागल्या, त्यांनीही सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणात असून बेडसोर नाही, याचं न्यायालयानेही कौतुक केलं.

७ मार्च २०११ ला न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या लोकांचा, असं त्यांनी धरलं. पण त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवता येतील, हे दारही उघडलं.

या प्रकरणात बरोबर कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. विराणींचं म्हणणं वाचलं की ते पटतं : श्वास चालू असणं म्हणजे जगणं का? परिचारिकांचं ऐकलं की तेही पटतं : ज्याला आम्ही रोज अंघोळ घालतो, त्याचं जगणं निरर्थक ठरवणारे तुम्ही बाहेरचे कोण? दोन्हीकडे माया होती. नव्हता तो फक्त अरुणांचा स्वतःचा शब्द. पंचवीस वर्षांच्या मुलीकडे तो लिहून ठेवलेला असणार तरी कसा? लिव्हिंग विल म्हातारपणी करायची गोष्ट आहे, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते.

पुढे ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेतल्या जगण्याच्या हक्कात, कलम २१ मध्येच, येतो असं म्हटलं आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. पण प्रक्रिया अशी किचकट ठेवली, की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही मिळवता मिळवता माणूस जायचा. २४ जानेवारी २०२३ ला त्याच न्यायालयाने ती सोपी केली. खालच्या पायऱ्या या नव्या नियमांप्रमाणे आहेत.

पायरी १ : वाद आधी स्वतःशी घाला

एक वही घ्या आणि मनात येणारे आक्षेप लिहून काढा. माझ्या वहीतले सांगते.

‘हे देवाच्या हातात आहे.’ आईचं पहिलं वाक्य हेच होतं. मी म्हटलं, व्हेंटिलेटर कुणाच्या हातात आहे मग? ती गप्प बसली, पण मला माझं उत्तर जरा जास्तच हुशारीचं वाटलं. मरण कधी यावं हे आपण ठरवू नये, या भावनेत नम्रता आहे, ती उडवून लावू नये. आपल्याकडे दुसरीही परंपरा आहे. ज्ञानेश्वरांची समाधी घराघरांत माहीत आहे. सावरकरांनी १९६६ मध्ये अन्न आणि औषध सोडलं. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला तेच केलं. जैनांच्या संथाऱ्यावर, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याच्या व्रतावर, राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगित केली. ही उदाहरणं चर्चेत हमखास येतात. पण त्यांच्यातला एकही माणूस बेशुद्ध नव्हता. प्रत्येकाने स्वतः, शुद्धीत, आपल्या तोंडाने सांगितलं. आयसीयूत आपलं सगळं दुसरा कुणीतरी बोलत असतो, आणि अडचण तिथेच आहे.

‘मुलांवर ओझं नको.’ हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण मला त्याची भीती वाटते. हे कोण म्हणतंय ते बघा. बहुतेक वेळा घरातली बाई म्हणते, किंवा पेन्शन नसलेला माणूस. तिला जगायचं नाही, की तिच्या जगण्याचा खर्च कुणाला तरी जड होतोय हे तिला दिसलंय? इंजेक्शनचा कायदा नको म्हणणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, आणि तो मला पटतो. नेदरलँड्सने २००२ मध्ये असा कायदा लागू केला. कॅनडाने २०१६ मध्ये केला आणि २०२१ मध्ये, मृत्यू जवळ नसलेल्यांनाही तो लागू केला. उतरण लागली की थांबता येत नाही, असं विरोधक म्हणतात ते यावरूनच. उलट अमेरिकेतल्या ओरेगनचा कायदा १९९७ पासून चालू आहे आणि सहा महिन्यांच्या आत मृत्यू अपेक्षित असलेल्यांपुरताच राहिला आहे. म्हणजे प्रत्येक उतरणीवरून घसरायलाच होतं असंही नाही. पण त्या देशांत म्हाताऱ्याच्या औषधांचं बिल सून भरत नाही. आपल्याकडे भरते. जिथे आजारपणाचा खर्च घर भरतं, तिथे इंजेक्शनची परवानगी मला आज तरी नको आहे. हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं. २०१७ च्या अखेरीस मुंबईतल्या एका वृद्ध जोडप्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून, गंभीर आजार नसतानाही मरणाची परवानगी मागितली होती. माझ्या मताने त्यांना काही उत्तर मिळत नाही, हेही मला माहीत आहे.

(वही लिहिताना ‘मी गेलेलीच बरी’ हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत असेल, तर वही मिटा आणि कुणाशी तरी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. कागद नंतर करता येईल.)

‘उपचार थांबवणं म्हणजे मारणंच.’ धाकट्याचं हे म्हणणं. त्याला मी शेजारच्या बेडची गोष्ट आठवून दिली. बाबांच्या बाजूला लातूरकडचे एक गृहस्थ होते. नवव्या दिवशी त्यांच्या मुलाने सही केली, ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतो.’ शेत विकून झालं होतं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मुलगा स्वतः श्वास देणारा फुगा दाबत बसला, गाव येईपर्यंत बाप टिकावा म्हणून. डॉक्टरांचं बोर्ड नाही, चर्चा नाही, वेदनेचं औषध नाही. आपण ज्यावर वाद घालतो ते आपल्या रुग्णालयांतून रोज होत असतं. फक्त ते पैसे संपल्यावर होतं आणि त्याला ‘डिस्चार्ज’ म्हणतात. हे नैतिक, आणि विचार करून, लिहून, दुखणं कमी करत थांबवणं अनैतिक, हे मला काही केल्या पटत नाही. धाकट्यालाही पटलं नाही, पण त्याने विषय बदलला.

पायरी २ : माणूस निवडा

कागदापेक्षा हे महत्त्वाचं. तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा संमती कुणी द्यायची, त्यांची नावं त्यात लागतात. २०२३ पासून एकापेक्षा जास्त नावं देता येतात. द्याच.

सगळ्यात लाडकं मूल निवडू नका. जे मूल रडत रडत का होईना, पण डॉक्टरला नेमका प्रश्न विचारू शकतं, ते निवडा. जवळ राहणारं हवं. आमच्याकडे चुलतभाऊ न्यू जर्सीहून फोनवर सांगत होता, “मी येईपर्यंत काहीही थांबवू नका.” त्याचं दुःख खरं होतं, पण त्याच्या विमानाच्या तिकिटाचा हिशेब बाबांच्या फुफ्फुसांना भरावा लागला. परदेशात मुलं असतील तर त्यांचं नाव दुसरं द्या, पहिलं नको. आणि हे त्यांना आधीच, व्हिडिओ कॉलवर सगळ्यांदेखत सांगा. मागाहून कळलं की भांडणं लागतात.

आईने दादाऐवजी मला निवडलं. दादा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “बरं झालं. पुन्हा ती सही माझ्याच्याने झाली नसती.”

पायरी ३ : ‘लोळत ठेवू नका’ याचं भाषांतर करा

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, शुद्धीत असलेल्या कुणालाही, स्वतःच्या मर्जीने हा कागद करता येतो. तो लेखी हवा आणि संदिग्ध नको. उपचार कधी थांबवायचे, कोणते थांबवायचे, परिणाम मला समजले आहेत आणि मी हे कधीही रद्द करू शकतो किंवा शकते, एवढं त्यात स्पष्ट हवं. कागद कधी लागू होतो तेही समजून घ्या : आजार बरा होण्याची आशा उरलेली नाही आणि तुम्हाला स्वतःचा निर्णय सांगता येत नाही, तेव्हाच. शुद्धीत असाल तर नकार तोंडाने द्यायचा. त्याला कागद लागत नाही.

लिहिण्याआधी फॅमिली डॉक्टरांबरोबर अर्धा तास बसा. आमच्या डॉक्टरांनी आईला एकेक गोष्ट समजावली : श्वासाची नळी, व्हेंटिलेटर, हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं (“बरगड्या मोडतात, आजी, या वयात”), डायलिसिस, नाकातली नळी. आईने सगळ्याला मान हलवली, नाकातल्या नळीला अडली. “म्हणजे चहापण त्यातूनच?” डॉक्टर म्हणाले, हो, पातळ सगळं त्यातूनच. “चव लागते का?” नाही लागत. “मग कशाला?” असा तो मुद्दा निकालात निघाला. तिचा मजकूर असा आहे, हवा तर नमुना म्हणून घ्या :

“माझा आजार बरा होणार नाही व मृत्यू टळणार नाही असं डॉक्टरांचं मत असेल, आणि मला माझा निर्णय सांगता येत नसेल, तर मला श्वासाची नळी व व्हेंटिलेटर लावू नये, लावलेला असल्यास काढावा. हृदय थांबल्यास ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये. डायलिसिस करू नये. नाकातून किंवा पोटातून नळीने अन्न देऊ नये, चमच्याने जाईल तेवढंच द्यावं. वेदना, धाप आणि तळमळ कमी करणारी औषधं मात्र पूर्ण द्यावीत, गुंगी आली तरी चालेल. शक्य असेल तर मला घरी न्यावं.”

माझ्या कागदात एक वाक्य जास्त आहे. न्यूमोनिया किंवा अपघात, असं काही बरं होण्याजोगं असेल तर व्हेंटिलेटरसकट सगळं करा, आणि सात दिवसांनी सुधारणा नसेल तर पुन्हा विचार करा. तरुण माणसाने हे वाक्य घालायलाच हवं, नाहीतर कागद भलत्या वेळी आडवा येईल.

मराठीत लिहिलं तरी चालतं. मी इंग्रजी प्रतही केली, कारण रात्री दोन वाजता ड्यूटीवर कोण असेल आणि त्याला मराठी येत असेल की नाही, कुणास ठाऊक.

पायरी ४ : सह्या

दोन साक्षीदार लागतात, शक्यतो घराबाहेरचे. ज्यांना तुमच्यानंतर काही मिळणार आहे त्यांना साक्षीला बसवू नका. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. त्याने आपली खात्री नोंदवायची असते, की हे दबावाखाली केलेलं नाही आणि करणाऱ्याला अर्थ समजलेला आहे. न्यायालयाच्या नियमांत स्टॅम्प पेपरचा उल्लेख नाही, तरी काही नोटरी मागतात. वाद घालण्यात अर्थ नाही, द्या.

आमच्या नोटरीने ‘विल’ एवढंच ऐकलं आणि विचारलं, “आजी, कुणाच्या नावावर करताय?” आई म्हणाली, “माझ्याच.” त्याला समजवायला वीस मिनिटं गेली. असा कागद त्याने आधी बघितलाच नव्हता. २०२३ च्या नियमांची प्रिंट बरोबर नेली होती म्हणून काम झालं. तुम्हीही न्या.

पायरी ५ : प्रती

ज्यांची नावं दिलीत त्यांना एकेक प्रत. फॅमिली डॉक्टरांना एक. आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, तो या कागदाचा कस्टोडियन, म्हणजे राखणदार. नियम झाले तरी हे अधिकारी जागेवर नव्हते. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले, मग राज्य सरकारने स्थानिक संस्थांमध्ये नेमणुका केल्या. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी ३१ मे २०२४ ला स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं, त्या राज्यातलं ते पहिलं. पालिकेत गेलात आणि खिडकीवरच्या माणसाने मान हलवली तर आरोग्य विभागात जा, प्रत द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. पोच महत्त्वाची, कारण कागद खरा आहे की नाही हे रुग्णालय कस्टोडियनकडूनच तपासणार.

बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. हसू येतं, पण लोक ठेवतात.

वेळ आली तर काय होतं

डॉक्टरांना कागद दाखवायचा. रुग्णालय प्रायमरी मेडिकल बोर्ड बसवतं : उपचार करणारा डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे आणखी दोन. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. त्यांचा होकार आला की सेकंडरी बोर्ड. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या बोर्डावर नसलेले दोन तज्ज्ञ, त्यांनाही साधारण ४८ तास. तुम्ही नेमलेल्या माणसाची संमती लागते. अंमलबजावणीआधी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्याला कळवतं. आता त्याची परवानगी लागत नाही, नुसतं कळवायचं. बोर्डांनी नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं.

कागदच नसेल तरी दोन्ही बोर्डांची वाट उघडी असते, घरच्यांच्या लेखी संमतीने. हे आम्हाला बाकावर कुणी सांगितलं नव्हतं. छोट्या रुग्णालयांत अनेकदा बोर्ड कसं बसवायचं हेच माहीत नसतं. म्हणून दीर्घ आजाराच्या माणसाला भरती करतानाच विचारा, “तुमच्याकडे प्रायमरी बोर्ड बसतं का?” प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला तर उत्तर मिळालं समजा.

थांबवणं म्हणजे सोडून देणं नव्हे

उपचार थांबले तरी शुश्रूषा थांबत नाही. तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात आणि ती मरणाच्या दारातच घ्यायची असं नाही, आजार कळल्या दिवसापासून घेता येते. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना सांभाळतं, त्यांचं केंद्र गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. तीव्र वेदनेवरच्या मॉर्फिन या औषधासाठीचे जाचक नियम २०१४ च्या कायदादुरुस्तीने सैल झाले, तरी प्रत्येक तालुक्यात ते मिळतं असं समजू नका. ‘मला मरू द्या’ म्हणणाऱ्याचं दुखणं आधी थांबवून बघा, आणि मग तो काय म्हणतो ते ऐका. इंजेक्शनच्या कायद्यावर चर्चा करणाऱ्या प्रत्येकाने या औषधाची चौकशी एकदा आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यात करून यावी, असं मला फार वाटतं.

मन बदललं तर

बदलावं. लेखी रद्द करा, नवा करा, जुन्या प्रती मागून घ्या, कस्टोडियनला कळवा. आम्ही दर दिवाळीनंतरच्या रविवारी दोन्ही कागद काढून वाचतो. पहिल्या वर्षी आईने काही बदललं नाही. दुसऱ्या वर्षी ‘शक्य असेल तर घरी न्यावं’ याच्यापुढे तिने पेनने लिहिलं, “मागच्या खोलीत नको, हॉलमध्ये. तिथून दार दिसतं.” पेनने लिहिलेलं चालणार नव्हतं, म्हणून नोटरीकडे पुन्हा खेप झाली. या वेळी त्याने काही विचारलं नाही.